माती न्यायची की सारायची

आमच्या वस्तीच्या रस्त्याचं कुणी कौतुक करायला लागलं की मी विषय बदलतो. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं बदलत आलो आहे. नातवंडांना विहीर कशी खोदली ते सांगितलं, ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू कसं लावलं ते सांगितलं. रस्त्याचं मात्र ‘केला एकदाचा’ एवढ्यावर सोडून दिलं. आता ज्यांच्याबद्दल सांगायचं ते नाहीत, आणि माझ्याबद्दल गावात एक चांगली गोष्ट सांगितली जाते, ती खरी नाही. ती खोडून काढायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं रान सोलापूरहून अक्कलकोटकडं जाताना, डांबरी सडकेपासून पाऊण मैल आत. सडक ते वस्ती अशी एक जुनी पाणंद होती, बैलगाडी जाईल एवढी वाट. सडकेवर उभं राहून वस्तीकडं तोंड केलं की उजव्या हाताला, जरा खाली, आमचं रान. डाव्या हाताला, जरा उंचावर, आप्पांची पट्टी. आप्पा म्हणजे आमचे शेजारी. माझ्या वडिलांपेक्षा वयानं थोरले. घरात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि बैलांशी दोन्ही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो.

ती पट्टी रुंदीला बेताची, पण लांबीला पाणंदीएवढी. माती हातभर, खाली मुरूम. त्या हातभर काळ्या मातीत शाळू असा यायचा की कणीस हातात धरलं तर मूठ भरून जावी. आप्पांची बाकीची जमीन ओढ्यापलीकडं, माळाची. तिथं तूर आणि हुलगा यांच्यापलीकडं काही होत नसे. घराची वर्षाची भाकरी या पट्टीतून निघायची.

उत्तरा-हस्ताचा पाऊस लागला की पट्टीतली माती पाण्याबरोबर पाणंदीत उतरायची. आमच्याकडचा हा पाऊस सगळा वर्षाचा एकदम पडतो, आणि काळी माती भिजली की तिला कुणी धरून ठेवू शकत नाही. पाणंदीत गुडघाभर गाळ साचायचा. बैल पोटापर्यंत रुतायचे. मग पाऊस उघडला, गाळ जरा आवळला, की दोन्ही घरांची माणसं खोरी आणि टोपल्या घेऊन पाणंदीत उतरायची आणि ती माती परत वर, आप्पांच्या पट्टीत नेऊन टाकायची. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला माहीत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालू होतं. माती ज्या रानातून आली त्या रानात गेली पाहिजे, एवढंच.

“दुसऱ्याची गाय आपल्या गोठ्यात येऊन बसली म्हणून आपली होती व्हय?” वडील म्हणायचे.

आम्हाला वाट मोकळी मिळायची, आप्पांना माती. तीन दिवस लागायचे. तिन्ही दिवस जेवण अव्वाचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि घट्ट वरण. टोपल्या वाहताना आप्पा कानडीत मोजायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, “कुटं हुतो मी?” कुणी सांगायचं चाळीस, कुणी साठ. ते सगळ्यांत मोठा आकडा धरून पुढं मोजायचे. त्या तीन दिवसांचा मला कंटाळा यायचा, हेही लिहून ठेवतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली आणि आमच्याकडं ट्रॅक्टर आला. मी सोलापुरात कॉलेजची दोन वर्षं करून परत आलो होतो. नांगराच्या मुठीला माझा हात फारसा कधी लागलेला नव्हता, ते काम वडिलांचं आणि गड्याचं. ट्रॅक्टर मात्र माझा. चावी माझ्या खिशात असायची.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायकोला पहिल्यांदा वस्तीवर आणलं ते ऐन हस्तात. ट्रॅक्टर दुरुस्तीला होता, म्हणून बैलगाडीतून. पाणंदीच्या मधोमध गाडीचं चाक आसापर्यंत गेलं. ती चपला हातात घेऊन उतरली आणि नवी साडी वर धरून चिखल तुडवत वस्तीपर्यंत चालली. आई ओवाळायला दारात उभी होती. हिनं आधी पाय धुवायला पाणी मागितलं, आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “लग्न ठरवताना म्हनले हुते सडकेला लागून वस्ती हाय. ती सडक दिसायला आता परत माहेरी जावं लागंल.”

वडील हसले. मी हसलो नाही. मनात धरलं की पुढच्या हस्तात या वाटेवर चिखल ठेवायचा नाही. उसाचा ट्रक सडकेवरच थांबायचा, मोळ्या गाडीनं तिथवर न्याव्या लागायच्या, हीही अडचण होतीच. पण खरं कारण त्या चपला.

पुढच्या उन्हाळ्यात वडील आणि मी सोलापूरला ट्रॅक्टरच्या दुकानात गेलो. मालकाला म्हटलं, पाऊण मैल वाट आहे, दरसाल बुजते, ती साफ करायला ट्रॅक्टरला मागून-पुढून काय लावता येईल ते दाखवा. त्यानं कपाटातून परदेशी कंपनीचं एक गुळगुळीत पुस्तक काढलं. त्यात एक लाल ट्रॅक्टर होता. मागं तिरपं लोखंडी पातं लावलेलं. लांबच लांब वाट, शेवटाला उतरत्या छपराचं घर, आणि वाटेच्या कडेला पांढऱ्याशुभ्र पदार्थाचे ढीग.

“हे काय ढकलतोय?” वडिलांनी विचारलं. “मीठ?”

“बर्फ,” दुकानदार म्हणाला.

“एवढा?”

“तिकडं आभाळातनंच पडतो, काका. घरापासनं सडकेपर्यंत सगळी वाट बुजून जाते. मग हे पातं लावायचं आणि बाजूला सारायचं.”

“आणि उन्हाळ्यात त्या बर्फाचं काय हुतंय?”

“वितळून जातो की.”

“मग उन्हाळ्यापतुर दम धरायचा. त्याच्यासाठी इंजिन कशाला?”

दुकानदार हसला आणि आम्हाला चहा सांगितला. वडील चित्र बराच वेळ बघत राहिले. चहा आला तेव्हा त्यांनी विचारलं, “हा बर्फ कुनाचा असतोय?”

“म्हणजे?”

“कुनाच्या रानातला?”

“बर्फ काय कुणाचा नसतो, काका.”

“मग झालं,” वडील म्हणाले आणि पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. मला तेव्हा वाटलं, म्हातारा उगीच काहीतरी विचारतो आहे.

पुस्तकात आणखी प्रकार होते. ट्रॅक्टरच्या पुढं बसवायचं मोठं खोरं होतं, ते माती उचलून घ्यायचं. एक गोल फिरणारं यंत्र होतं, ते बर्फाचा फवारा लांब उडवायचं. माझं मन त्या तिरप्या पात्यावर बसलं होतं. वाटेवरून एकदा ट्रॅक्टर नेला की मागं वाट स्वच्छ, आणि गाळ आपोआप एका कडेला. पण ते सोलापुरात मिळत नव्हतं, आणि बाहेरून मागवायचं म्हणजे हस्त येऊन गेला असता. शेवटी मी दुकानदाराकडून ते चित्राचं पान मागून घेतलं आणि आम्ही स्टेशनच्या बाजूला एका मिस्त्रीकडं गेलो. तो आमची अवजारं करायचा. घरात उर्दू बोलणारा, आमच्याशी मराठी. पत्र्याच्या शेडमध्ये लुंगीवर बसून लोखंड असं वाकवायचा की जणू वेताची छडी.

वाटेत वडील म्हणाले, “मला इच्यारशील तर केणी करून घेऊ.”

केणी म्हणजे लोखंडी सुपासारखं अवजार. जमिनीवरून ओढलं की पोटात माती भरून घेतं, आणि पाहिजे तिथं नेऊन उपडं करतं. आमच्याकडं रान सपाट करायला बैलांची केणी चालायची. ट्रॅक्टरला मोठी करता आली असती.

“केणी सावकाश चालते,” मी म्हणालो. “भरा, न्या, उपडी करा, परत या. दोन दिवस जातील.”

“टोपल्यांना तीन जात्यात की.”

ते दोरखंड बघायला बाजारात गेले आणि मी एकटा मिस्त्रीच्या शेडमध्ये शिरलो.

मिस्त्रीनं पान उजेडात धरून बघितलं. “तस्वीर लई भारी हाय,” तो म्हणाला. “हे असं पातं मी करीन, त्यात काय न्हाय. पन मालक, आधी एक सांगा. तुमाला माती न्यायची हाय की सारायची हाय?”

“म्हणजे काय?”

“न्यायची असंल तर केनी करतो. सारायची असंल तर पातं. दोन्ही कामं एक अवजार करत न्हाय.”

“सारायची,” मी म्हणालो.

“कुटल्या हाताला?”

“उजव्या.”

त्यानं खडूनं लोखंडावर एक तिरपी रेघ मारली. झालं. सगळी गोष्ट एवढीच आहे. पुढचं सगळं त्या रेघेतून आलं.

सडकेकडून वस्तीकडं येताना उजव्या हाताला आमचं रान आहे, हे उत्तर देताना माझ्या लक्षात नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात होतं. उतार त्या बाजूला होता, उताराकडं गाळ सहज पडेल, असंही मनात होतं. तेही खरं होतं, म्हणून मी तेवढंच पुढं केलं.

त्या हस्तात पात्यानं कमाल केली. सडकेपाशी खाली सोडलं आणि वस्तीपाशी उचललं. चार फेऱ्यांत पाणंद पाटीसारखी झाली. तीन दिवसांचं काम एका सकाळी, न्याहारीच्या आत. बायको दारात उभी राहून बघत होती. मी तिला मडगार्डवर बसवून सडकेपर्यंत नेलं आणि परत आणलं. “आता दिसली सडक,” ती म्हणाली. त्या दिवसाइतका खूश मी आयुष्यात फार कमी वेळा झालो आहे.

आप्पा आणि अव्वा नेहमीप्रमाणे टोपल्या घेऊन आले होते. अव्वानं भाकरीचं गाठोडंही आणलं होतं. आप्पांनी मोकळी पाणंद बघितली, मग आमच्या कडेला पडलेला गाळाचा लांब वरंबा बघितला.

“लई बेस काम झालं की,” ते म्हणाले. “पन माती समदी खाली गेली.”

“काय करणार आप्पा,” मी म्हणालो. “हे पातं एकाच हाताला माती टाकतंय.”

आप्पांनी चंची सोडली, पानाला चुना लावला.

“व्हय,” ते म्हणाले, “नांगराचंबी तसंच असतंय.”

मला बरं वाटलं. म्हाताऱ्याला पटलं, असं वाटलं.

मी त्यांना म्हटलं, पाहिजे तेवढी माती घेऊन जा. त्यांनी दोन दिवस नेली. पण आता ती वाटेच्या पलीकडं, उतारावर पडलेली, टोपली भरून चढावर न्यायची. आम्ही कुणी त्यांच्या हाताखाली गेलो नाही, कारण आमची वाट मोकळी झाली होती. वडील एक सकाळ गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “केणी करायला पायजे हुती.” दुसऱ्या वर्षी आप्पांनी एक दिवस माती नेली. तिसऱ्या वर्षी अव्वाचा गुडघा धरला होता आणि ते आलेच नाहीत.

आमच्या बाजूला पाणंदीलगतची जमीन चोपण होती. विहिरीचं मचूळ पाणी मुरून मुरून वर पांढरं फूल यायचं, तिथं तण पण नीट वाढत नसे. तिच्यावर आप्पांची काळी माती बसली. बायकोनं सहज म्हणून चार वांग्याची रोपं लावली. ती कमरेएवढी झाली. पुढच्या वर्षी मेथी, शेपू, दोडका. मग तिनं ती सगळी लांब पट्टी धरली. घरी येणारा माणूस वांगी घेतल्याशिवाय जात नसे. आप्पांच्या घरीही ती टोपलीभर पाठवायची. अव्वा टोपली परत पाठवताना रिकामी कधी पाठवत नसे, तिच्यात मूठभर काहीतरी असायचं. तूर, गूळ, एकदा नुसती झेंडूची फुलं.

उसाचा ट्रक वस्तीपर्यंत यायला लागला. पहिली मुलगी झाली तेव्हा बायकोला माहेराहून भर पावसात ट्रॉलीत बसवून आणलं आणि तिच्या पायाला चिखल लागला नाही. आसपासचे लोक पातं बघायला यायचे. मी मिस्त्रीचा पत्ता द्यायचो. ती वर्षं सुखाची होती. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण सुख खरं होतं आणि माती दुसऱ्याची होती.

आता पात्याचं सांगतो, म्हणजे कुणाचा गोंधळ नको. पातं उजव्या हाताला माती टाकायचं. येताना उजव्या हाताला आमचं रान. पण वस्तीवरून सडकेकडं जाताना उजव्या हाताला आप्पांची पट्टी. म्हणजे जाताना पातं खाली सोडलं असतं तर तोच गाळ आप्पांच्या बांधाला लागला असता. त्याचा तिथं वरंबा झाला असता आणि पुढच्या पावसात पट्टीतली माती अडलीही असती. मी जाताना पातं वर उचलून ठेवायचो आणि येताना खाली सोडायचो. पहिल्या वर्षी हे ध्यानात आलं नव्हतं असं समजू. दुसऱ्या वर्षी आलं होतं.

बायकोनं एकदा विचारलं, “जाताना का लावत न्हाई? निम्मं काम जातानाच हुईल की.”

“जाताना इंजिनावर ताण येतो,” मी म्हणालो. “तुला ट्रॅक्टरमधलं काय कळतंय.”

“ट्रॅक्टरमधलं न्हाई कळत. फेऱ्यांमधलं कळतंय.”

मी तिला वांग्यांना पाणी द्यायचं राहिलंय म्हणून आठवण केली. ती गेली.

पाचव्या वर्षी हस्त चांगला पडला. चार दिवस झड होती. पाऊस उघडल्यावर मी पातं जोडलं, सडकेपाशी गेलो आणि खाली सोडलं. ते नुसतं खडखडलं. पाणंदीत गाळच नव्हता. गोटे आणि वाळू. मी उतरून पुढं चालत गेलो, कुठंच नव्हता.

घरी सगळ्यांना आनंद झाला. आई म्हणाली, देवाला डोळे आहेत. बायको म्हणाली, आता ते पातं विकून टाका. वडील उठले, पाणंदीपर्यंत गेले आणि डाव्या बाजूला वर बघत उभे राहिले. मी पण गेलो. आप्पांच्या पट्टीत जागोजागी पिवळट मुरूम उघडा पडला होता, म्हाताऱ्या बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तसा. खाली यायला वर काही उरलंच नव्हतं.

“झाली तुझी वाट कायमची साफ,” वडील म्हणाले. यापेक्षा जास्त ते मला या विषयावर कधी बोलले नाहीत.

त्या वर्षी आप्पांनी पट्टीत शाळू पेरला तो गुडघ्याएवढा होऊन थांबला. घरात शाळू विकत आणायला लागले, हे अव्वानं बायकोला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. बाजारच्या शाळूची भाकरी चिरते, एवढंच.

शाळू निघाल्यावर आप्पा ओढ्यापलीकडच्या माळात लोखंडी नांगर चालवत होते. मी बांधावरून जाताना सावलीला थांबलो. नांगर जाताना माती उजव्या हाताला, आमच्याकडच्या अंगाला पालथी पडत होती. टोकाला आप्पांनी बैल वळवले आणि परत फिरले. माती परत उजव्याच हाताला पडायला लागली, पण आता ती दुसऱ्या अंगाला होती. गेला, आला. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मून ही साधी गोष्ट मी नीट अशी पहिल्यांदा बघत होतो. आप्पा ती पन्नास वर्षं बघत होते.

“नांगराचंबी तसंच असतंय.”

मी तिथंच बसलो. म्हणजे पहिल्या दिवशीच त्यांना सगळं कळलं होतं. पातं परतीला दुसऱ्या अंगाला माती टाकेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मला तेवढ्याच शब्दांत सांगितलं होतं. आणि पाच वर्षं, मी पातं वर उचलून त्यांच्या पट्टीवरून जाताना, ते बांधावरच्या बाभळीखाली बसून हात वर करायचे. मी पण हात वर करायचो.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला मिस्त्रीकडं गेलो. त्याला म्हटलं, ट्रॅक्टरची केणी करून द्या.

तो माझ्याकडं बघून हसला. “आता न्यायची हाय?”

“व्हय.”

“पाच वरसं लागली की मालक.”

त्याला काही माहीत नव्हतं, तो सहज बोलला. मी मान खाली घालून पत्र्याचं माप बघत राहिलो.

केणी आली. मी बायकोला सांगितलं की वांग्यांची पट्टी मोडायची आहे. तिनं का म्हणून विचारलं नाही. राहिलेली वांगी तोडून घेतली, देठ मोजल्यासारखी एकेका झाडावरून नजर फिरवली आणि म्हणाली, “अव्वाला सांगून मग टाका.”

एवढंच करायचं होतं. वाक्य मी तयार केलं होतं. सकाळी जनावरांचं करताना, आंघोळ करताना मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं. पहिली केणी भरली, पाणंद ओलांडली, आप्पांच्या बांधापाशी ट्रॅक्टर उभा केला. आप्पा बाभळीखालून उठून आले. इंजिन मी बंद केलं नाही.

“काय आनलंस रं?”

“माती.”

ते केणीजवळ आले. वाकून एक ढेकूळ उचललं, अंगठ्यानं चुरलं.

“कुनाची?” त्यांनी विचारलं.

आता मला वाटतं, त्यांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. इंजिन धडधडत होतं. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो, उतरलोही नव्हतो.

“आमच्याकडं जादा झालीया,” मी म्हणालो. “म्हटलं, तुमाला लागत असंल.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. हातातली माती झटकली.

“जादा झालीया व्हय?”

“व्हय.”

“बरं. जादा असंल तर टाक.”

मी सहा दिवस केणी ओढली. सगळी माती काही परत गेली नाही, कारण तळाची चोपणात मिसळली होती. पण वीतभर थर बसला. बांधाला वरंबा घातला. वडील रोज येऊन बसायचे आणि कुठं कमी पडली ते काठीनं दाखवायचे. तिसऱ्या दिवशी अव्वानं भाकरी आणली. पूर्वीसारखीच कडक भाकरी, शेंगाची चटणी. आप्पांनी केण्या कानडीत मोजल्या, आणि मधेच विसरले. “कुटं हुतो मी?” त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, “पंचवीस.” झाल्या होत्या तेरा-चौदा. आप्पांनी सव्वीसपासून पुढं मोजायला घेतलं.

पुढच्या हस्तात वरंब्यानं माती धरली. दोन वर्षांनी पट्टीत शाळू परत उभा राहिला, पूर्वीएवढा नाही, पण छातीला लागेल इतका. पौषात आप्पांनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. अव्वानं गरम हुरडा चोळून माझ्या तळहातावर ओतला. “घे,” ती म्हणाली, “तुज्याच मातीतला हाय.” हुरडा गोड होता. मी सगळा खाल्ला.

आणि मग आप्पा ती गोष्ट सांगायला लागले. देवळात, लग्नात, बाजारात. “माज्या शेजाऱ्यानं सवताची पिकती पट्टी मोडली आनि मला माती दिली. असला शेजारी मिळाय नशीब लागतंय.” लोक माझ्याकडं वळून बघायचे. एका लग्नात तर मला उठवून पुढच्या पंगतीत बसवलं. आप्पा माझ्या शेजारी बसून माझ्या ताटात तूप वाढायला सांगत होते. ते मला टोमणा मारत होते, की मला झाकत होते, की त्यांना खरंच तसं वाटायला लागलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. ते कधी बेरकी हसले नाहीत. नाहीतर सोपं झालं असतं.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. आम्ही रोज भेटायचो. रोज कुठंतरी तसा क्षण यायचा. बांधावर पान खाताना, बैलाच्या खुरांच्या पत्र्या बघताना, नुसतं शेजारी बसलेलो असताना. मी म्हणायचो, आज नको, आज ते खुशीत आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, आज त्यांचं अंग दुखतंय. ते गेले त्या दिवशी मी सोलापुरात मिस्त्रीच्या शेडमध्ये होतो, केणीचा कान तुटला होता तो जोडून घेत. परत आलो तर पाणंदीवर माणसं होती, आणि कुणीतरी माझ्याकडं बोट करून पाहुण्यांना सांगत होतं, हेच ते, माती देणारे.

मी मान डोलावली.

वाक्य मोठं नव्हतं. मला अजून पाठ आहे. त्या सकाळी इंजिन बंद करायचं होतं, खाली उतरायचं होतं, आणि त्यांनी ‘कुनाची’ म्हणून विचारल्यावर म्हणायचं होतं:

आप्पा, तुमची. जाताना पातं खाली सोडलं असतं तर ती तुमच्याकडंच पडली असती. मला ठाऊक होतं. माझं चुकलं.